दीपमालाचे निर्जळी सोमवार

ती गडद रंगच घालायची. काळा, जांभळा, विटकरी. एप्रिलच्या उन्हातसुद्धा.

वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची, दाराकडच्या टोकाला. उठली की एकदा मागं वळून बाक बघायची. काही विसरलं तर नाही ना, असं बघावं तसं.

कुणाच्या पलंगावर, गादीवर बसायची नाही. "मला फरशीच मानवते," म्हणायची. रिक्षात बसण्याआधी पिशवीतून वर्तमानपत्राची घडी काढून सीटवर टाकायची. एक रिक्षावाला म्हणाला होता, "मॅडम, पेपर पढके तो बिछाओ."

तिच्या पिशवीत पाण्याची बाटली असायची. तिला त्यातून पाणी पिताना कुणी पाहिलं नव्हतं. पण ती बाटली गळकी आहे हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं, कारण ती स्वतःच ते अधूनमधून सांगायची. नवी बाटली मात्र घ्यायची नाही.

कुणाकडं मुक्कामाला थांबायची नाही.

आणि उपवास करायची. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, सहलीचा दिवस, परीक्षेचा दिवस. सगळ्यात कडक सोमवार. सोमवारी पाण्याचा थेंबही नाही.

चारुता जिंतूरकरनं हे सगळं रोज पाहिलं होतं. विद्यापीठातल्या मराठी विभागात दोघी एकाच वर्गात होत्या. कवितेत एखादा शब्द दोनदा आला तर त्याचं कारण शोधायचं, हे त्यांना तिथं शिकवलं जायचं. चारुताला त्यात चांगले गुण पडायचे. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या या सवयींना एकच कारण असेल, असं मात्र तिच्या मनात आलं नाही. ज्याच्या त्याच्या तऱ्हा असतात, एवढंच तिला वाटायचं.

दीपमाला सोळंके अजिंठ्याची. घरची थोडी शेती आणि गावात स्टेशनरीचं छोटं दुकान. बारावीनंतर ती शिकायला शहरात आली आणि मुकुंदवाडीत आत्याकडं राहिली. आत्या म्हणजे आशाबाई. नवरा चिकलठाण्याला कंपनीत, मूलबाळ नाही. आशाबाईंनी भाचीला पोटच्या पोरीसारखं ठेवलं आणि गल्लीभर तिचं कौतुक सांगितलं. पोरगी पहाटे उठते. उठल्याबरोबर स्वतःची वाकळ, चादर, कपडे धुऊन टाकते. थंडी असो, पाऊस असो. सोवळ्याची अशी आवड आजकालच्या पोरीत नाय.

एम.ए.ला दीपमालाला पहिला वर्ग मिळाला. सरांनी तिला बोलावून नेटची परीक्षा द्यायला सांगितली. ती हो म्हणाली आणि गेली नाही. पेपर लांबलचक असतो, मध्ये उठू देत नाहीत, असं काहीतरी ती म्हणाली. चारुता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागली. दीपमालानं पडेगावला रोपांच्या नर्सरीत काम धरलं.

सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मुकुंदवाडी शहराच्या उगवतीला, पडेगाव मावळतीला. रोज अख्खं शहर ओलांडून ही पोरगी जाणार आणि करणार काय, तर झाडांना पाणी घालणार.

नर्सरी कडुबांची. दौलताबाद रस्त्याच्या कडेला, हिरव्या जाळीखाली. कडुबा साठीचे, मिशीवाले, बोलण्यात तिरकस. गिऱ्हाईक आलं की दीपमालाकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही आमची एम.ए. झालेली पाइपवाली. गुलाब घ्या, संगं एक कविता फुकट."

"मामा, कविता विकत पण कुणी घेत नाही," दीपमाला म्हणायची.

चारुता एकदा मोगऱ्याचं रोप घ्यायला तिथं गेली होती. दीपमालाच्या हातात पाइप होता. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, पायाला चिखल, अंगाला शेणखताचा वास. तिथल्या सगळ्याच बाया तशा होत्या. कुणी कुणाच्या कपड्यांकडं बघत नव्हतं. दीपमाला मोठ्यानं हसत होती. वर्गात ती कधी इतकी हसली नव्हती. चारुताला वाटलं, हिला झाडं आवडतात.

मधल्या काळात आशाबाई स्थळं आणत होत्या. दीपमाला प्रत्येकाला नाही म्हणत होती. शेजारच्या बाईनं एकदा तोंडावर विचारलं, "काय गं आशाबाई, पोरगी चांगला नवरा मिळावा म्हणून सोळा सोमवार धरती, आन नवरा दारात आला का त्याला वापस पाठवती. म्हादेवानं करावं तरी काय?"

"तू नको काळजी करू म्हादेवाची," आशाबाई म्हणाल्या. पण आत येऊन त्या दीपमालावर चिडल्या. "बाई बोलली त्यात खोटं काय हाय? दुसऱ्यांदा सोमवार धरलेत तू. कशासाठी करायलीस मग?"

दीपमाला वाळत घातलेली चादर काढायला गेली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, तिचं कुणावर तरी मन आहे.

पावसाळा सरता सरता तिला थंडी वाजून ताप आला. कडुबांनी चारुताला फोन केला. "बाई, तुमची मैत्रीण इथं कुंड्यांत पडली. अंगाची नुसती भट्टी हाय." चारुता धावली. एका मोठ्या रुग्णालयात तिला दाखल केलं. लघवीत जंतू सापडले. औषधं चालू झाली. पोटाची सोनोग्राफी झाली, मग स्कॅन झालं. तिथून त्यांना डॉ. राजनंदिनी जगदाळ्यांकडं पाठवलं.

या डॉक्टर लहान मुलींच्या मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रिया करायच्या. त्यांच्या दाराबाहेरच्या भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवले होते. बाकं बुटकी होती. आया पोरींना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यात दीपमाला, चारुता आणि आशाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. एक लहान मुलगी दीपमालाला म्हणाली, "तू कोणाला घेऊन आली?"

"मलाच," दीपमाला म्हणाली.

डॉक्टरांनी चित्र संगणकावर मोठं करून दाखवलं. दीपमालाचं उजवं मूत्रपिंड जन्मापासून दोन भागांचं होतं. खालचा भाग मोठा आणि चांगला. वरचा लहान, फुगलेला, जवळजवळ निकामी. दोन भागांना दोन वेगळ्या नळ्या. खालची नळी नीट मूत्राशयात जात होती. वरची खाली कुठं जाते ते चित्रात दिसत नव्हतं.

"काही मुलींमध्ये ही नळी चुकीच्या जागी उघडते," डॉक्टर म्हणाल्या. "मुलगी नेहमीसारखी लघवीला जाते, आणि तरी दिवसरात्र ओली राहते. तुला असं होतं?"

"नाही," दीपमाला म्हणाली.

"कधीच नाही? लहानपणी?"

"नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. मग चारुताकडं, आशाबाईंकडं. मग त्या सावकाश बोलल्या. गळत असेल तर शस्त्रक्रिया करायची. तो निकामी तुकडा आणि त्याची नळी काढायची, की गळणं कायमचं थांबतं. गळत नसेल तर सध्या कापाकापीची गरज नाही. औषध द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. ताप मात्र परत येऊ शकतो, आणि दर वेळी चांगल्या भागालाही थोडा धोका. तेव्हा एक साधी तपासणी करू. मूत्राशयात नळीनं निळं पाणी भरायचं. खाली कापसाची घडी ठेवायची. थोडं चालायचं. मग घडी बघायची. निळी झाली तर मूत्राशय गळतंय. ओली झाली पण निळी नाही, तर गळणारं पाणी दुसरीकडूनच येतंय. कोरडी राहिली तर काही गळतच नाही.

"सोमवारी या," डॉक्टर म्हणाल्या.

सोमवारी त्या गेल्या. दीपमाला पडद्याआड गेली. बाहेर आली, व्हरांड्यात फेऱ्या मारल्या, परत आत गेली. नर्सनं घडी काढली. कोरडी होती.

डॉक्टर बाहेर आल्या. त्या थोड्या विचारात होत्या. "काही नाही. कोरडं आहे. मग आपण औषधावरच राहू." त्यांनी कागद पुढं ओढला.

आशाबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांना एकदम बोलावंसं वाटलं. "मी म्हणलं नव्हतं? म्हादेव पाठीशी हाय. डॉक्टरीणबाई, तुम्हाला सांगते, पोरगी काल रातीपासून बिनपाण्याची हाय. आज सोमवार ना. तापातून उठली, तरी मोडला नाय. लई पाळती."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"पाणी कधी प्यायलीस?"

दीपमाला खाली बघत होती.

"दीपमाला. पाणी कधी प्यायलीस?"

"काल संध्याकाळी."

"आणि बाहेर जायचं असलं की असंच करतेस?"

आशाबाईच मध्ये म्हणाल्या, "आजचंच काय, शाळेत होती तव्हापासून करती. चतुर्थी, एकादशी. कुठं लगीनकार्याला जायचं असलं तरी तिचा उपवास असतोच. मी तर सगळ्यांना सांगते."

चारुता उभी होती. ती बुटक्या बाकावर बसली. गडद रंग, दाराकडचं टोक, वर्तमानपत्र, गळकी बाटली, नर्सरीतला पाइप. एकामागून एक सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि आता त्यात काहीच तऱ्हेवाईक नव्हतं. समोर हत्तीचं चित्र होतं. ती हत्तीकडं बघत राहिली.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी कागद बाजूला सारला. "माझ्या दुपारच्या पेशंट अजून आहेत. मी थांबते. खाली कँटीन आहे. जा, पाणी पी. भरपूर. लपवू नकोस, कपडे ओले होऊ देत. मग परत ये. नाही आलीस तर मी फोन करणार नाही. तुझं तू ठरव."

कँटीनमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. चारुतानं पाण्याचा जग आणि पेला आणून ठेवला. दीपमालानं पेल्याला हात लावला नाही.

"सोमवार मोडणार का काय तू?" आशाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "कोरडं हाय म्हणलं ना त्यांनी? मग कशाला उकरून काढायचं?"

"आत्या, सोमवार नव्हताच तो."

"म्हंजी?"

"देवाचा नव्हता. पाणी नाही प्यायलं की मी कोरडी राहते. म्हणून करते."

आशाबाईंना कळलं नाही. दीपमालानं सांगितलं. एकसुरी आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. कळायला लागल्यापासून ती ओली असते. लघवीला जाऊन आलं तरी. बसलं तरी, चाललं तरी, झोपलं तरी. थेंब थेंब, सारखं. आईनं गरम विटेवर बसवलं, काढे पाजले, बाबाचा गंडा बांधला, मारलं पण. आळशी आहे, उठायचा कंटाळा करते, असं सगळ्यांना वाटायचं. मग आईनं दिवस मावळल्यावर पाणी बंद केलं. त्यानं जरा जमायचं.

"एका हरतालिकेला मोठ्या बहिणीसोबत मी पण उपवास धरला. दिवसभर पाणी नाही. त्या दिवशी दुपारपासून कोरडी होते. सगळ्या बाया म्हणाल्या, एवढीशी पोर, किती भाविक. आईनं पहिल्यांदा जवळ घेतलं. तेव्हापासून धरलं."

जवळच्या टेबलावर कुणीतरी भज्यांची ऑर्डर देत होतं. आशाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मग ती वाकळ," त्या म्हणाल्या. "पहाटं धुवायचीस ती?"

"हो."

"मला वाटलं सोवळं पाळती."

"माहीत आहे मला."

"आन तो फुलंब्रीचा मास्तर? चांगलं स्थळ होतं ते. त्याला ह्याच्यासाठीच नाय म्हणलीस?"

"आत्या, लग्न केलं असतं तर पहिल्याच दिवशी काय सांगितलं असतं? कुठला उपवास सांगितला असता?"

आशाबाईंच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुणावर आहे ते त्यांनाच ठरवता येत नव्हतं. गल्लीभर सांगितलेलं सगळं त्यांना आठवत असावं. मग त्यांनी जग उचलला, पेला भरला आणि भाचीपुढं ठेवला.

"पी."

दीपमालानं एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला.

"कोंबडीवानी काय चोच बुडवती? पी की सगळं."

"सवय नाही, आत्या."

"मग लाव आता. चारू, अजून एक जग आण गं."

चारुतानं दुसरा जग आणला. दीपमाला पीत होती. एक पेला, मग दुसरा. मध्ये थांबून ती खिडकीबाहेर बघायची आणि परत प्यायची. काही वेळानं तिचा हात आपसूक ओढणीकडं गेला. मग तिनं तो काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. तिथून ती केव्हाही उठून जाईल असं चारुताला वाटत होतं. मुकुंदवाडीची बस समोरून सुटायची.

"परत गेलो तर सगळे बघतील," दीपमाला म्हणाली. "खालून वरपर्यंत चालत जायचंय."

"मी मागं चालते," चारुता म्हणाली.

"नको. मागं कुणी असलं की मला जास्त कळतं. शेजारी चाल."

दोघी जिन्याकडं गेल्या. दीपमालाच्या खुर्चीवर ओला डाग राहिला होता. आशाबाईंनी तो पाहिला. त्यांनी कँटीनमधल्या पोऱ्याला हाक मारली नाही. पदराच्या टोकानं खुर्ची पुसली आणि मागोमाग निघाल्या.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी चारुताला आणि आशाबाईंनाही आत बोलावलं. दीपमाला तपासणीच्या टेबलावर बसली होती, चादर लपेटून. डॉक्टरांच्या हातात दोन कापसाच्या घड्या होत्या. एकीवर मूत्राशयातलं पाणी घेतलं होतं. ती शाईसारखी निळी होती. दुसरी खाली ठेवलेली. ती ओलीगच्च होती, आणि पांढरी.

"हे बघ," डॉक्टर म्हणाल्या. "निळं पाणी मूत्राशयात आहे, तिथंच आहे. जे गळलं त्यात निळ्याचा थेंब नाही. म्हणजे ते मूत्राशयातून आलेलंच नाही. वरच्या तुकड्याची नळी थेट बाहेर उघडते. त्या पाण्यावर कुणाचाच ताबा नसतो."

दीपमाला घड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या नर्सरीत एकदा ठिबकची एक नळी चुकून कॉकच्या आधीच जोडली होती. कॉक बंद केला तरी त्या वाफ्यात पाणी यायचंच. मामा सारखे कॉकच बदलत होते."

"अगदी तेच."

"म्हणजे मी सोडत नव्हते?"

"नाही."

"झोपेत पण नाही?"

"नाही."

"कंटाळा केला म्हणून पण नाही?"

"दीपमाला, हे तू जन्मायच्या आधी झालंय. तुझ्या आईच्या पोटात, तू बोटाएवढी असताना. तुझं यात काही नाही. तुझ्या आईचंही नाही."

दीपमालानं मान हलवली. थोड्या वेळानं तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरांनी तेच उत्तर पुन्हा दिलं, तितक्याच शांतपणे. बहुतेक त्यांच्याकडं येणाऱ्या आयाही हे दोनदा विचारत असाव्यात.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली. पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं तो तुकडा आणि त्याची नळी काढली. खालचा चांगला भाग राहू दिला. अजिंठ्याहून आई आली होती. शस्त्रक्रिया चालू असताना ती दाराशी उभी राहिली, बसायला सांगितलं तरी बसली नाही. कडुबा एक पिशवीभर मोसंबी घेऊन आले आणि नर्सला म्हणाले, "आमच्या कवयित्रीचा पाइप बदलला का नीट?" नर्सनं त्यांना बाहेर काढलं.

शस्त्रक्रियेच्या वेळी लावलेल्या लघवीच्या नळ्या काढल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी चारुता भेटायला गेली. दीपमाला जागी होती. तिनं पांघरुणाखाली हात घातला होता. बराच वेळ तो तिथंच होता.

"चारू," ती म्हणाली. "तू हात लाव."

चारुतानं चादरीखाली हात घातला. गादी कोरडी होती. अंगाच्या उबेनं थोडी गरम, आणि कोरडी.

"रात्री तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी प्यायले," दीपमाला म्हणाली. "मुद्दाम."

चारुतानं हात बाहेर काढला आणि मोसंबं सोलायला घेतलं.

दीपमाला घरी आली तेव्हा आशाबाईंच्या डोक्यात वेगळंच चालू झालं होतं. सोमवार मध्येच मोडले होते. देवाचे असोत नाहीतर नसोत, नाव तर देवाचंच घेतलं होतं. अर्धवट व्रत घरात ठेवू नये. त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, दुखण्यात मोडलं, दोष नाही. एक सोमवार पूर्वीसारखा नीट पाळा आणि उद्यापन करून टाका.

"पूर्वीसारखा म्हंजी निर्जळी," आशाबाई म्हणाल्या.

"आत्या, आता कशाला?"

"आता कशालाच नाय म्हणून. इतके दिवस खोटे केलेस, एक खरा कर. माझ्यासाठी."

पुढच्या तपासणीला आशाबाईंनी डॉक्टरांनाही विचारलं. एक दिवस पाणी नाही प्यायलं तर चालंल का? डॉक्टर म्हणाल्या, "एका दिवसानं काही बिघडत नाही. पण तिला जमेल का ते तिला विचारा."

"तिला? तिला झोपेत जमतं," आशाबाई म्हणाल्या.

दीपमाला तयार झाली. आत्याचं मन मोडायचं नव्हतं. सोमवार ठरला. आशाबाईंनी गहू जाडसर दळून आणले, गूळ चिरला, तूप कढवलं. चुरम्याचा प्रसाद संध्याकाळी करायचा. गल्लीतल्या बायांना निरोप गेले. चारुतालाही बोलावणं होतं. ती महाविद्यालयातून परस्पर आली.

दीपमाला गॅससमोर बसून कणीक भाजत होती. आधी मंद आचेवर, मग थोडी वाढवून. खमंग वास सुटला होता. तिच्या कपाळावर घाम होता. तिनं एकदा माठाकडं पाहिलं. परत कढईकडं पाहिलं. उलथनं फिरवलं. मग गॅस बंद केला, उठली, माठातून पेला भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला. दुसरा भरला, तोही प्याली.

"आगं आगं आगं!" आशाबाई देवापुढून ओरडल्या. "मोडला की!"

"तहान लागली, आत्या."

"आत्ताच बरी लागली तुला तहान! आख्खा जन्म नाय लागली ती?"

"लागायची. ऐकत नव्हते."

आशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. बायांना परत निरोप गेले. उद्यापन पुढच्या सोमवारी.

पुढच्या सोमवारी दीपमाला नर्सरीतून येता येता बसमध्येच पाणी प्याली. त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी उठल्याबरोबर, आठवण व्हायच्या आत. एकदा तर संध्याकाळपर्यंत सगळं नीट चाललं होतं. आरतीचं ताट लागलं होतं. शेजारची बाई येऊन बसली होती. तिनं आल्या आल्या पाणी मागितलं. दीपमाला पेला घेऊन आली, तिला दिला, आणि तिच्याकडं बघत बघत स्वतःचाही एक भरून घेतला.

"म्हादेवानं करावं तरी काय," ती बाई म्हणाली. या वेळी आशाबाईसुद्धा हसल्या.

चारुता दर सोमवारी प्रसादाला म्हणून जाते आणि पोहे खाऊन परत येते. आशाबाई कणीक चाळून ठेवतात. दीपमाला ती भाजायला बसते. उद्यापन अजून झालेलं नाही. मागच्या सोमवारी चारुता गेली तेव्हा कढईत कणीक अर्धी भाजून तशीच होती, आणि दीपमाला मोरीजवळ उभी राहून पाणी पीत होती.